कधी, किती पाणी सोडायचे : टेनेसी खोऱ्याची नव्वद वर्षे

१८ मे १९३३ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली आणि अमेरिकेच्या आग्नेय भागातले एक अख्खे नदीखोरे एकाच सरकारी संस्थेकडे सोपवले गेले. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी हे तिचे नाव. तिकडे सगळे तिला टीव्हीए म्हणतात. टेनेसी नदी नॉक्सव्हिलजवळ होल्स्टन आणि फ्रेंच ब्रॉड यांच्या संगमापासून सुरू होते, खाली अलाबामात उतरते, तिथून वळून पुन्हा उत्तरेला जाते आणि ६५२ मैल वाहून ओहायो नदीला मिळते. तिचे खोरे सात राज्यांत पसरलेले आहे. त्या काळी हा देशातला अत्यंत गरीब मुलूख होता. उतारांवरची माती धुपलेली, जंगल तोडलेले, शेतावरच्या घरांत वीज जवळपास नाहीच, आणि हिवाळ्यातल्या पावसाने नदी फुगली की चॅटनूगासारख्या शहरांत पाणी शिरायचे.

संस्थेने काय करायचे ते कायद्याच्या शीर्षकातच सांगितले आहे: नदी जहाजवाहतुकीला योग्य करणे, पूर आवरणे, वनीकरण, हलक्या जमिनीचा नीट वापर, शेती आणि उद्योगांची वाढ, आणि मसल शोल्स येथे पहिल्या महायुद्धाच्या निमित्ताने उभ्या राहिलेल्या सरकारी मालमत्तेचा उपयोग. वीज पुढे या सगळ्यांच्या वरचढ झाली. माशांचा, शिंपल्यांचा, किंवा सुटीच्या दिवशी पाण्यावर जाणाऱ्या माणसांचा या शीर्षकात कुठे उल्लेख नाही. आज मात्र टीव्हीए सुमारे ११,००० मैल लांबीचा जलाशयकाठ आणि २,९३,००० एकर जमीन सांभाळते, आणि त्यांतल्या पाण्याचा हिशेब करताना मासे, पक्षी, गळ टाकून बसणारे आणि नावा हाकणारे या सगळ्यांचा विचार तिला करावा लागतो. हे कसे घडले, ही मला या संस्थेच्या वाटचालीतली सर्वांत शिकण्याजोगी बाब वाटते. धरणांच्या आराखड्यांत यातले फारसे काही नव्हते. बहुतेक वेळा बाहेरच्या कोणीतरी भांडून ते आत आणले, आणि टिकले तेवढेच, जे दरवाजे कधी उघडायचे नि किती पाणी सोडायचे या रोजच्या कामात लिहिले गेले.

पहिले धरण क्लिंच नदीवरचे. नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस यांनी या खोऱ्यासाठी वर्षानुवर्षे संसदेत झुंज दिली होती, म्हणून धरणाला त्यांचे नाव दिले. ऑक्टोबर १९३३ मध्ये काम सुरू झाले आणि मार्च १९३६ मध्ये पाणी अडले. उंची २६५ फूट, लांबी १,८६० फूट. आजच्या मानानेसुद्धा हा वेग थक्क करणारा आहे. पण वेगाची दुसरी बाजूही होती. सुमारे २,९०० कुटुंबे उठवली गेली. लॉयस्टन नावाचे गाव पाण्याखाली गेले. पाच हजारांच्या आसपास थडगी हलवावी लागली. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना मोबदला मिळाला. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांच्या हाती जवळजवळ काही पडले नाही. बुडीत क्षेत्रातल्या भूमिहीनांची ही कथा आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

नॉरिसच्या काठावर टीव्हीएने एक गोष्ट मात्र स्वतःहून केली. धरण बांधायला घेतलेल्या जमिनीतला काही भाग तिने नमुन्याची उद्याने उभारायला वापरला. नॉरिस, बिग रिज, नंतर चॅटनूगाच्या वरच्या अंगाला हॅरिसन बे. रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ धोरणाच्या काळातल्या बेरोजगार तरुणांच्या तुकड्यांनी तिथे लाकडी खोल्या, पायवाटा, पोहण्याचे घाट बांधले. टेनेसी राज्याची उद्याने पुढे याच पायावर वाढली. विरंगुळ्याची सोय कायद्यात नसताना संस्थेने ती केली, याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. त्याच वेळी, कामगारांसाठी वसवलेल्या देखण्या नॉरिस नगरात कृष्णवर्णीयांना घर मिळत नव्हते, आणि त्यांच्यासाठी चिकमॉगा जलाशयाच्या काठी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या नावाचे वेगळे उद्यान काढावे लागले, हेही याच पानावर लिहावे लागते. सार्वजनिक म्हणून बांधलेल्या काठावर सगळ्या जनतेला एकत्र बसायला त्यानंतर अनेक वर्षे लागली.

या सुरुवातीच्या काळातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे काम मलेरियाचे आहे. टीव्हीए आली तेव्हा या मुलखातल्या सुमारे ३० टक्के लोकांना मलेरियाने ग्रासलेले होते. नवी धरणे म्हणजे हजारो एकर साचलेले पाणी, म्हणजे आणखी डास, अशी भीती लोकांना वाटत होती आणि ती रास्त होती. संस्थेच्या आरोग्य विभागाने डासाचा अभ्यास केला. अळ्या वाढतात त्या काठालगतच्या गवतात, संथ, उथळ पाण्यात. मग डासांच्या हंगामात जलाशयाची पातळी दर आठवड्याला साधारण फूटभर खाली-वर करायची, असे ठरले. पाणी उतरले की अळ्या काठावर कोरड्या पडतात, किंवा गवताच्या आडोशातून उघड्या पाण्यात येतात आणि मासे त्या टिपतात. सोबत काठाची साफसफाई होती, घरांच्या खिडक्यांना जाळ्या होत्या, पुढे डीडीटीही आले. १९४० चे दशक संपता संपता खोऱ्यातला मलेरिया जवळपास नाहीसा झाला. धरणाच्या पाण्याची पातळी वीज आणि पूर सोडून तिसऱ्याच कारणासाठी हलवता येते, आणि तसे केल्याने धरणाचे काही बिघडत नाही, हे टीव्हीएच्या अभियंत्यांना इथे कळले. पुढची सगळी भांडणे याच मुद्द्यावर झाली.

युद्ध आले. ॲल्युमिनियमच्या कारखान्यांना आणि ओक रिजच्या गुप्त अणुप्रकल्पाला वीज हवी होती. १९४२ ते १९४४ या काळात लिटल टेनेसी नदीवर ४८० फूट उंचीचे फोंटाना धरण रात्रंदिवस काम करून उभे केले गेले. त्याच्या पाण्याने ग्रेट स्मोकी पर्वताच्या पायथ्याची वस्ती आणि जुना रस्ता गिळला. जलाशय आणि डोंगर यांमधली सुमारे ४४,००० एकर जमीन राष्ट्रीय उद्यानाला जोडली गेली. युद्धानंतर उत्तर काठाने नवा रस्ता बांधून देऊ, असा करार १९४३ मध्ये झाला. सहा-सात मैल रस्ता आणि एक बोगदा झाल्यावर काम थांबले, कारण डोंगर फोडल्यावर निघणाऱ्या खडकातून आम्ल पाझरून ओढ्यांत उतरत होते. हा रस्ता पुरा झाला नाही. त्याऐवजी स्थानिक काउंटीला ५.२ कोटी डॉलर द्यायचे, असे २०१० मध्ये ठरले. पूर्वजांच्या थडग्यांवर फुले वाहायला जाणाऱ्या कुटुंबांना राष्ट्रीय उद्यानाचे लोक ठरलेल्या रविवारी बोटीतून पलीकडे नेतात. रान राखले गेले याचा मला आनंद आहे; पण ज्यांना दिलेला शब्द मोडून ते राखले गेले त्यांचा राग मला पूर्णपणे न्याय्य वाटतो.

याच सुमारास टीव्हीएचे नाव भारतात पोहोचले, आणि त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा होता. जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीच्या पुराने बर्दवानच्या बाजूचे बंधारे फोडले, कलकत्त्याचा रेल्वेमार्ग तुटला. चौकशी समितीने टेनेसीच्या धर्तीवर खोऱ्याचा एकत्रित विकास सुचवला. त्या समितीत शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते, आणि त्याबरोबर वीज आणि पाटबंधारे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला त्यांनी बंगाल आणि बिहारच्या प्रतिनिधींपुढे आग्रहाने मांडले की दामोदरचा प्रकल्प केवळ पुराचा बंदोबस्त म्हणून करायचा नाही. वीज, सिंचन आणि जलवाहतूक हे सगळे एका योजनेत आले पाहिजे. त्याच वर्षी कटकला ओडिशाच्या नद्यांबद्दल बोलताना त्यांनी पुराकडे निव्वळ संकट म्हणून पाहण्याच्या सवयीवरच बोट ठेवले. पाणी जास्त झाल्याने होतात त्याहून जास्त हाल पाणी न मिळाल्याने होतात, असा त्यांचा मुद्दा होता. टीव्हीएत काम केलेले अभियंता वूर्डुइन यांनी दामोदरचा प्राथमिक आराखडा केला, आणि ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. आराखड्यातल्या आठांपैकी तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच धरणे महामंडळाने १९५३ ते १९५९ या काळात पुरी केली. मैथन आणि पंचेतला पूर साठवायला जेवढी जमीन घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही, त्यामुळे धरणे पूर्ण पातळीपर्यंत भरताच येत नाहीत. आजही पावसाळ्यात विसर्गावरून पश्चिम बंगाल आणि महामंडळ यांच्यात वाद होतो. टेनेसीकडून आपण धरणे आणि संस्थेचा साचा घेतला. त्या वेळी टेनेसीकडेही याहून फार काही द्यायला नव्हते. तिचे खरे शिक्षण अजून व्हायचे होते.

१९५९ मध्ये टीव्हीएला स्वतःचे रोखे काढून वीजव्यवसाय चालवण्याची मुभा मिळाली. वीज सरकारी तिजोरीवर अवलंबून राहिली नाही, आणि हळूहळू संस्थेचा सगळा कल विजेकडे झुकला. कोळशाची मोठमोठी केंद्रे उभी राहिली, नंतर अणुकेंद्रे आली. मुख्य नदीवर धरणे बांधण्याजोग्या जागा संपल्या होत्या. तरी बांधणाऱ्यांचा मोठा ताफा होता, आणि ताफ्याला काम हवे होते. १९६७ मध्ये लिटल टेनेसीच्या मुखाशी टेलिको धरण सुरू झाले ते अशा वातावरणात.

टेलिकोला स्वतःचे विद्युतगृहच नाही. त्याचे पाणी एका कालव्याने शेजारच्या फोर्ट लाउडन जलाशयात वळवायचे, तिथल्या वीजनिर्मितीत थोडी भर घालायची, आणि काठावर टिंबरलेक नावाचे नवे शहर वसवायचे, अशी योजना होती. बोइंग कंपनी त्या शहरात भागीदार होणार होती. १९७५ मध्ये तिने अंग काढून घेतले. या योजनेसाठी ३८,००० एकर जमीन घेतली गेली, पण प्रत्यक्ष पाण्याखाली जाणार होती तिच्या निम्म्याहून कमी. उरलेली जमीन विकून प्रकल्पाचा हिशेब जुळवायचा होता. खोऱ्यातली ही काळी, सपाट, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन होती. चेरोकी लोकांची जुनी राजधानी चोटा इथेच होती, आणि टनासी हे गावही, ज्याच्यावरून नदीला आणि राज्याला नाव मिळाले. लिटल टेनेसीचा मोकळा वाहणारा असा हा शेवटचा मोठा तुकडा होता, ट्राउट माशांसाठी दूरदूरच्या गळकऱ्यांना ठाऊक असलेला. शेतकरी, चेरोकी, मासेमार आणि इतिहासाचे अभ्यासक अशा सगळ्यांनी विरोध केला. सगळे विरोध कोर्टात आणि संसदेत हरत गेले.

ऑगस्ट १९७३ मध्ये टेनेसी विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड एटनिअर स्नॉर्केल लावून कॉयटी स्प्रिंग्जजवळच्या उथळ पाण्यात उतरले. तळाच्या स्वच्छ वाळू-गोट्यांवर त्यांना एक अनोळखी मासा दिसला. लांबी जेमतेम तीन इंच, अंगावर तपकिरी पट्टे, गोगलगाईंवर जगणारा. त्याला वाहते, गाळ नसलेले पाणी लागते. त्याच वर्षी डिसेंबरात संकटग्रस्त प्रजातींच्या संरक्षणाचा कायदा झाला. कायद्याचा विद्यार्थी हँक हिल आणि त्याचे प्राध्यापक झिग्मंट प्लेटर यांनी ‘स्नेल डार्टर’ असे नाव पडलेल्या या माशाची नोंद संकटग्रस्त म्हणून करवून घेतली आणि टीव्हीएविरुद्ध दावा लावला. १५ जून १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी धरण थांबवले. सरन्यायाधीश बर्गर यांनी निकालात म्हटले ते थोडक्यात असे की, कायद्याचे शब्द स्वच्छ आहेत, आणि किती पैसा खर्च झाला हे पाहून ते वाकवण्याचा अधिकार न्यायालयाला नाही.

वर्तमानपत्रांनी याची कथा ‘एवढासा मासा आणि एवढे मोठे धरण’ अशी रंगवली, आणि आजही ती तशीच सांगितली जाते. त्यात एक महत्त्वाची गोष्ट गळून पडते. कायद्यातून सूट द्यायची का हे ठरवायला संसदेने कॅबिनेट दर्जाची समिती नेमली. २३ जानेवारी १९७९ रोजी तिने एकमताने सूट नाकारली, आणि तिचे कारण मासा नव्हता. धरण ९५ टक्के झालेले असतानाही उरलेले काम पुरे करायला येणारा खर्च त्यापासून मिळणाऱ्या फायद्याहून जास्त आहे, असे अर्थतज्ज्ञांच्या हिशेबातून निघाले. म्हणजे विरोधक इतकी वर्षे जे सांगत होते तेच खरे ठरले. तरीही त्या उन्हाळ्यात एका खर्चाच्या विधेयकात मिनिटभराच्या आत, चर्चेशिवाय, टेलिकोला सगळ्या कायद्यांतून मोकळे करणारे कलम घुसवले गेले. अध्यक्ष कार्टर यांनी नाइलाजाने सही केली. शेवटच्या शेतकऱ्यांना घराबाहेर काढून २९ नोव्हेंबर १९७९ रोजी दरवाजे पाडले गेले. चोटाची जागा आता बहुतांशी पाण्याखाली आहे. भराव घालून वर उचललेल्या तुकड्यावर चेरोकींचे स्मारक आहे. काठावर निवृत्तांची टुमदार वसाहत उभी आहे. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त दुःख या नदीचे होते, कारण ती बुडवायची गरज नव्हती हे सरकारने स्वतःच लिहून ठेवले आहे.

पण टेलिकोनंतर टीव्हीए बदलली, हेही खरे. डक नदीवर कोलंबिया धरण १९७३ पासून बांधले जात होते. डक नदीत दीडशेच्या आसपास जातींचे मासे आणि पन्नासहून जास्त जातींचे गोड्या पाण्यातले शिंपले आहेत. उत्तर अमेरिकेत इतकी जिवंत नदी क्वचित सापडेल. संकटग्रस्त शिंपल्यांमुळे काम अडले, १९८३ मध्ये थांबले, आणि १९९९ मध्ये अर्धवट उभी काँक्रीटची भिंत टीव्हीएने स्वतःच पाडली. घेतलेली १२,८०० एकर जमीन राज्याला रान आणि वन्यजीवांसाठी दिली. धरण न बांधल्याबद्दल कोणाचे स्मारक होत नाही; पण माझ्या दृष्टीने हे संस्थेच्या उत्तम कामांपैकी एक आहे.

आता धरणांच्या खालच्या अंगाला जाऊ. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर बनतात. वरचे पाणी कोमट, खालचे थंड, आणि तळाच्या पाण्यातला प्राणवायू हळूहळू संपतो. विद्युतगृहाला पाणी जाते ते याच खालच्या थरातून. त्यामुळे धरणाखालची नदी थंड आणि गुदमरलेली. त्यात वीज लागेल तेव्हाच पाणी सोडायचे ही रीत. मागणी नसली की तासन्‌तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, दरवाजे बंद आणि नदीचे पात्र उघडे. नॉरिसखालच्या क्लिंच नदीची हीच अवस्था होती. १९८४ मध्ये तिथे थोडे खाली एक बुटका बंधारा घातला गेला. विद्युतगृहातून ठराविक वेळांनी सुटलेले पाणी त्याच्यामागे साठते आणि पुढे सावकाश, अखंड झिरपत राहते. पुढे नॉरिसच्या जनित्रांची चाकेच अशी बदलली की फिरताना ती पाण्यात हवा ओढून घेतात. साउथ होल्स्टन धरणाखाली वेड्यावाकड्या वळणांचा लांब बंधारा बांधला. त्याच्या काठावरून पाणी लांबच लांब पडद्यासारखे कोसळते आणि पडता पडता हवा पिते. डग्लसमध्ये तळाशी नळ्या अंथरून प्राणवायू सोडला जातो. १९९० च्या दशकात टीव्हीएने अशी कामे डझनाहून अधिक धरणांवर केली, आणि किमान विसर्ग बांधून दिला. शेकडो मैल नदी पुन्हा श्वास घेऊ लागली.

यातही एक गुंता आहे. थंड पाण्यात आता ट्राउट वाढतात, आणि त्यांच्यासाठी लोक दूरवरून येतात. पण हे ट्राउट बहुतेक मत्स्यबीज केंद्रांतून आणून सोडलेले. मूळच्या कोमट पाण्यातले मासे आणि शिंपले तिथे परत येत नाहीत. गळकऱ्याचा आनंद म्हणजे नदीचे आरोग्य असे समीकरण मांडता येत नाही. थोडे खाली, पाणी पुन्हा कोमट होते तिथे, मात्र बदल दिसला. स्नेल डार्टर १९८० पासून इतर प्रवाहांतही सापडू लागला होता, काही ठिकाणी तो नेऊन सोडलाही होता, आणि सुधारलेल्या विसर्गामुळे त्याची वस्ती वाढली. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून निघाले, आणि केंद्रीय वन्यजीव खात्याने त्याचे श्रेय टीव्हीएच्या या सुधारणांनाही दिले. २०२५ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी हा वेगळा मासा नसून आधीच माहीत असलेल्या एका जातीचीच पूर्वेकडची वस्ती आहे, असा निष्कर्ष मांडला. त्याने जुना वाद पुन्हा पेटला. लिटल टेनेसी बुडवण्याचा हिशेब त्याने बदलत नाही.

जलाशयाच्या काठचे भांडण वेगळ्या जातीचे. टीव्हीएची जुनी पद्धत अशी: वसंतात जलाशय भरायचे, मग उन्हाळ्यातच वीजनिर्मितीसाठी पाणी उतरवायला लागायचे, म्हणजे हिवाळ्याच्या पुराला जागा रिकामी राहते. काठावर घरे, धक्के, बोटींची दुकाने वाढली तसे लोकांना सुटीच्या ऐन हंगामात घरापुढे चिखल दिसू लागला. १९९० नंतर दहा उपनद्यांच्या जलाशयांत ही उतरण १ ऑगस्टपर्यंत थांबवली गेली. लोकांचे समाधान झाले नाही. २००२ ते २००४ या काळात टीव्हीएने सगळ्या खोऱ्याच्या पाणी सोडण्याच्या नियमांचा नव्याने अभ्यास केला, गावोगाव सभा घेतल्या, आणि उतरण सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनापर्यंत पुढे नेली. निर्णय सोपा नव्हता. पाणी जास्त दिवस अडवले की तळाचा प्राणवायू आणखी घटतो, आणि वीज हवी तेव्हा मिळत नाही. शिवाय ज्या चिखलाला घरमालक वैतागतात, तोच ऑगस्टमध्ये दक्षिणेकडे निघालेल्या पाणपक्ष्यांचे ताट असतो. उजनीच्या उतरत्या पाण्यात रोहित पक्षी चरताना पाहिलेल्यांना हे लगेच पटेल. म्हणून सगळ्या जलाशयांना एकच नियम लावला नाही. काही ठिकाणी पाणी लवकर उतरते, काही ठिकाणी उशिरा.

या नियमाची परीक्षा सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस झाली. हेलीन वादळाने डोंगरात विक्रमी पाऊस पाडला, तेव्हा उतरण सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. नोलिचकी धरणावरून पूर्वी कधी न पाहिलेला लोंढा गेला, डग्लस जलाशय काही दिवसांत वीस फुटांच्या आसपास चढला. डग्लसने तो पूर पोटात घेतला. वाहून आलेली झाडे, घरांचे तुकडे आणि टाक्या काढायला मात्र कित्येक महिने लागले.

पैशाचा मुद्दाही टाळता येत नाही. नदी, काठ आणि जंगल सांभाळायला टीव्हीएला संसदेकडून जे अनुदान मिळत असे ते १९९९ च्या सुमारास बंद झाले. तेव्हापासून हा सगळा खर्च वीजग्राहकांच्या बिलातून निघतो. आणि विजेचा धंदा नदीला किती महाग पडू शकतो हे २२ डिसेंबर २००८ रोजी मध्यरात्रीनंतर किंग्स्टनला दिसले. कोळशाच्या राखेचा बांध फुटून १०० कोटी गॅलनांहून जास्त राखेचा चिखल एमोरी नदीकाठच्या ३०० एकरांवर पसरला. प्राणवायूच्या नळ्या अंथरणारी आणि हा बांध राखणारी संस्था एकच होती.

ओकोई नदीची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण वीज आणि विरंगुळा यांचा सौदा तिथे उघडपणे, डॉलरांत आणि दिवसांत मांडला गेला. ओकोईवरचे दुसरे धरण १९१३ मधले, टीव्हीएच्या आधीचे. धरणापासून डोंगराच्या कडेने साडेचार मैलांहून लांब लाकडी पाट काढून पाणी खालच्या विद्युतगृहावर टाकले होते. पाट चालू असला की नदीचे खडकाळ पात्र कोरडे ठणठणीत. १९७६ मध्ये कुजलेला पाट दुरुस्तीसाठी बंद करावा लागला, आणि साठ वर्षांनी पाणी पुन्हा खडकांतून उसळत निघाले. तरुण नावाडी रबरी तराफे घेऊन आले, मग त्यांच्यामागे पर्यटक, मग डझनावारी कंपन्या. काही वर्षांतच डकटाउनच्या तांब्याच्या खाणींनी ओसाड केलेल्या या काउंटीत लोकांना नवा रोजगार मिळाला. पाट दुरुस्त झाला तेव्हा टीव्हीएला पाणी परत हवे होते. मोठे भांडण झाले, प्रकरण संसदेपर्यंत गेले, आणि १९८३ च्या सुमारास तोडगा निघाला: वर्षाला ११६ दिवस पाणी नदीला, बाकीचे दिवस पाटाला. त्या ११६ दिवसांत न झालेल्या विजेची किंमत तराफ्यांच्या तिकिटांतून पस्तीस वर्षांत फेडायची. १९९६ मध्ये वरच्या टप्प्यात पात्र थोडे आवळून ऑलिंपिकची नौकास्पर्धा झाली.

मला हा करार आवडतो, कारण त्यात कोणी कोणावर उपकार केलेले नाहीत. विजेची किंमत मोजली, ती कोण देणार हे ठरवले, दिवस कागदावर लिहिले. खंतही आहे: नदीने आपल्याच पात्रात वाहावे यासाठी तिकीट काढणाऱ्याने पैसे भरायचे, आणि ज्या दिवशी तिकीट नाही त्या दिवशी मासे कोरड्यात. पस्तीस वर्षे संपत आली तेव्हा, २०१७ मध्ये, नवा करार झाला. या वेळी नुकसानभरपाईचा मोठा वाटा टेनेसी राज्याने उचलला, आणि मुदत पंधरा वर्षांची ठरली. ऐन उन्हाळ्यात गुरुवार ते सोमवार पाणी खडकांतून जाते, मंगळवारी आणि बुधवारी लाकडी पाटातून. २०३० च्या दशकात ही मुदत संपेल, तेव्हा दिवस किती आणि पैसे कोणाचे, हे दोन्ही पुन्हा ठरवावे लागेल.